ऑफिसच्या दिवसांत स्लो कुकर: तयारी रात्री, जेवण संध्याकाळी

नवा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घरी आला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांची एकच गत होते. सकाळी घाईघाईत हाताला लागेल ते भांड्यात कोंबायचं आणि निघायचं; संध्याकाळी झाकण उघडावं तर गाजरं टणक, चिकनचा चोथा आणि वर पाणीच पाणी. दोष कुकरचा नसतो, हिशेब चुकलेला असतो.

आधी घड्याळ, मग रेसिपी

रेसिपीत आठ तास लिहिलेले असतात, पण घरातून निघून परत येईपर्यंत तुमचे दहा तास जातात. आधी हा आकडा प्रामाणिकपणे मांडा. 'लो' म्हणजे कमी तापमान आणि 'हाय' म्हणजे जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक कुकरांमध्ये दोन्हीवर पदार्थ शेवटी उकळीच्या जवळच पोचतो. हायवर लवकर, लोवर सावकाश. म्हणून हायवरचे ४ तास म्हणजे लोवरचे साधारण ८ तास. उरलेले दोन तास सांभाळायला, वेळ संपली की आपोआप 'वॉर्म'वर (अन्न नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर) जाणारा कुकर हवा. माझ्या मते खरेदी करताना एवढी एकच सोय बघावी, बाकीची बटणं शोभेची. कुकर उशिरा सुरू करणारा टायमर मात्र जपून वापरा: कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ फ्रिजबाहेर पडून राहता कामा नये.

काय शिजवायचं

खांद्याचं किंवा पायाचं चिवट मांस इथे सोनं आहे. त्यातलं कोलॅजेन हे चिवट प्रथिन तासन्‌तास मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतं, म्हणून मांस मऊ पडतं आणि रस्साही दाट होतो. चिकनच्या छातीच्या मांसात हे कोलॅजेन फारसं नसतं, ते तीन-चार तासांतच कोरडं पडतं. कामाच्या दिवशी मांडीचे तुकडे घ्या. मासे आणि पास्ता दहा तासांच्या भानगडीत पाडूच नका.

राजम्याबाबत मात्र हयगय नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमाग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरची मंद आच ते नष्ट करेलच याची खात्री नसते. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर निदान १० मिनिटं खळखळून उकळा, हे पाणीही फेका आणि मगच कुकरमध्ये घाला. गंमत म्हणजे १९७१ साली 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलेलं हे यंत्र त्याआधी 'बीनरी' या नावाने, मुख्यतः बीन्स शिजवायलाच विकलं जायचं!

आदल्या रात्रीची वीस मिनिटं

खरं काम इथे आहे. भाज्या चिरा, कांदा-लसूण परतून गार करा, मसाले मोजून एका वाटीत काढा. मांस आणि भाज्या वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. मांस रात्री अर्धवट परतून ठेवू नका. परतायचंच असेल तर सकाळी परता आणि लगेच कुकरमध्ये टाका. गोठलेलं मांस असेल तर ते आधीच फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या. कुकरचं सिरॅमिक भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण गारेगार भांडं तापायला फार वेळ घेतं आणि अचानक उष्णता लागली तर तडकूही शकतं.

सकाळी

कंदमुळं मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून बटाटे-गाजरं तळाशी आणि कडेला, मांस त्यावर. गॅसवरच्या रेसिपीपेक्षा पाणी एक तृतीयांश तरी कमी घाला, कारण इथे वाफ बाहेर जातच नाही. भांडं अर्ध्याच्या वर आणि पाऊण भागाच्या आत भरलेलं असावं. झाकण लावा आणि विसरून जा. सुट्टीच्या दिवशी घरी असाल तर झाकण उघडून डोकावण्याची हौस आवरा. प्रत्येक वेळी शिजण्याचा वेळ वीसेक मिनिटांनी वाढतो.

घरी आल्यावर

दूध, क्रीम, मटार, पालेभाजी हे सगळं शेवटच्या अर्ध्या तासात. रस्सा पातळ वाटला तर दोन-चार बटाटे त्यातच कुस्करा. इतके तास शिजलेल्या पदार्थाची चव थोडी मंदावते. लिंबू पिळा, ताजी कोथिंबीर टाका, मीठ पुन्हा चाखा. तुम्ही बाहेर असताना वीज जाऊन आल्याची शंका आली (कुकरचं घड्याळ लुकलुकत असेल) तर ते अन्न टाकून द्या, चव घेऊन ठरवू नका.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, स्लो कुकरमध्ये नाही. रिकाम्या भांड्यात लगेच गार पाणी ओतू नका. जेवण उरकेपर्यंत ते निवू द्या, मग कोमट पाण्यात भिजत घाला.