मोरे-सूर-ल्वँला घर बघताय? आधी हे वाचा

फ्रान्समध्ये इनसियाड या बिझनेस स्कूलला शिकायला किंवा फोंतेनब्लोच्या आसपास नोकरीला येणारे काहीजण घर शोधत शोधत ल्वँ नदीकाठच्या मोरे-सूर-ल्वँ या जुन्या गावी पोचतात, नदीवरचा पूल, जुन्या वेशी, चर्च बघून हरखतात आणि लगेच हो म्हणून टाकतात. थांबा जरा. नदीकाठचं घर असेल तर मालकाकडून 'एता दे रिस्क' नावाचा कागद मागून घ्या, तो त्याला द्यावाच लागतो, पुराचा धोका आहे का ते त्यात असतं. 2016 मध्ये मे संपता संपता ल्वँ नदीला मोठा पूर आला होता, त्यामुळे तळमजला म्हटलं की दहादा विचार करा. दुसरं म्हणजे घराचा एनर्जीचा दाखला, ए ते जी अशी ग्रेड असते, ए सगळ्यात चांगली, जी सगळ्यात वाईट. 2025 पासून जी वाली घरं नव्याने भाड्याने देता येत नाहीत, पण एफ वाली मिळतात आणि स्वस्तही दिसतात, फक्त जाड दगडी भिंतींचं जुनं घर मे महिन्यात कितीही गोड वाटलं तरी जानेवारीत हीटरचं बिल पगार खातं. खिडकी बदलायची, बाहेर डिश लावायची तर मेरीची म्हणजे नगरपालिकेची परवानगी, वर हेरिटेजच्या आर्किटेक्टचं मत, भाडेकरूने त्या भानगडीत पडूच नये. घराचा इन्शुरन्स मात्र भाडेकरूलाच काढावा लागतो. गॅरंटर नसेल आणि वय तिशीपर्यंत असेल तर व्हिझाल नावाच्या योजनेतून भाड्याची गॅरंटी फुकट मिळते, ती घर बघायच्या आधीच काढून ठेवा.

आता माणसं. गावातले लोक शिष्ट असतात असं पॅरिसमधले आपलेच लोक सांगतात, मला नाही पटत. हिशोब सोपा आहे, आधी बोंजूर, मग काम. बेकरीत, बसमध्ये चढताना, अगदी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना सुद्धा बसलेल्या सगळ्यांना मिळून एक बोंजूर. ते न म्हणता थेट "एक बागेत" (लांबडा फ्रेंच पाव) मागितला की समोरचा चेहरा दगड होतो आणि मग आपण रेसिझम रेसिझम करत घरी येतो (तोही असतो, नाही असं नाही, पण दर वेळी तोच नसतो). दुपारी बारा ते दोन बरीच दुकानं बंद, सोमवारीही बरीच बंद, पुण्याच्या लोकांना हे शिकवायला नको. ओळखी करायच्या असतील तर सप्टेंबरची वाट बघा, तेव्हा फ्रान्सभर गावोगावी तिथल्या सगळ्या क्लबांचे स्टॉल एकाच ठिकाणी लागतात, चालण्याचा ग्रुप, गाणं, काहीही घ्या पण नाव नोंदवाच, ऑफिसातल्या ओळखींवर गावात काही होत नाही.

सिस्ली हा चित्रकार शेवटची वर्षं इथेच राहिला, 1899 मध्ये इथेच वारला, चर्चची चित्रं काढून काढून थकला नाही. जन्म पॅरिसचा, आईवडील इंग्लिश, जवळपास सगळं आयुष्य फ्रान्समध्ये, अर्ज करूनही नागरिकत्व काही मिळालं नाही, ब्रिटिश म्हणूनच गेला. रेसिडेन्स परमिटसाठी प्रिफेक्चरची (सरकारी ऑफिसची) अपॉइंटमेंट मिळत नसली की मला तो आठवतो. भारतात न्यायला काही हवं असेल तर इथली बार्लीची साखरगोळी घ्या, 1638 पासून इथल्या नन्स करायच्या ती, चॉकलेटपेक्षा बरी, विमानात वितळत नाही.

स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, चालायची तयारी ठेवा. आर लाइनच्या ट्रेनने पॅरिसचं गार द ल्यों स्टेशन पाऊण-एक तासावर, आणि आपण इल-द-फ्रान्समध्येच (पॅरिसच्या प्रदेशातच) येतो त्यामुळे तिथल्या ट्रेन-बसचा सगळ्या झोनचा नाविगो पास चालतो, 2025 मध्ये महिन्याला 88.80 युरो होता, त्यातले निम्मे कंपनी देते, नाही दिले तर मागा. पोहे, कढीपत्ता, तूरडाळ यासाठी पॅरिसमधल्या गार दु नोर स्टेशनजवळच्या ला शापेल भागात जा, तमिळ दुकानं आहेत, सगळं मिळतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र त्याच दिवशी ॲपवर बघा, रात्री रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस सोडतात आणि ती बस प्रत्येक स्टेशन शोधत शोधत जाते.