खिडकी ठरवण्याआधी भिंतीचं तोंड कुठे आहे ते बघा

माझे वडील सुतार होते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणायचे आणि चौकटी करायचे. मी गेली 24 वर्षं ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या बसवतोय. फोनवर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्लायडिंगचा चौरस फुटाला काय भाव?" भाव मी सांगतो, पण आधी दुपारी चार वाजता घर बघायला येतो. एकाच घरातल्या चार खिडक्या चार वेगळ्या असू शकतात, हे तिथे उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

पुण्यात खिडकीतून घर तापतं ते चारच्या उन्हानं. बाराच्या उन्हाला छज्जा अडवतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं काच सावलीत राहते. डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरतो आणि कोवळं ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेला मात्र सूर्य समोरून येतो आणि छज्ज्याखालून थेट पलंगावर पडतो. तिथे लोक आतून जाड पडदा लावतात. पण काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं तर बाहेरच अडवा. बांबूची चिक लावा, उभ्या पट्ट्या लावा, खालच्या मजल्यावर असाल तर झाड लावा. आणि घर बांधतच असाल तर पश्चिमेची खिडकी लहान ठेवा. मोठी खिडकी उत्तरेला घ्या. अभ्यासाच्या टेबलासाठी तिथल्यासारखा शांत उजेड दुसरीकडे मिळत नाही.

आता हवा. स्लायडिंग खिडकी पाच फुटांची असली तरी उघडते अडीच फूटच, कारण एक शटर दुसऱ्यामागे जातं. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश आणि दमट उष्ण हवेसाठी एक षष्ठांश खिडकी धरली आहे. पुण्यात आपण मार्च ते मे कोरड्यात आणि जूनपासून दमट हवेत राहतो. म्हणून 120 चौरस फुटांच्या खोलीला मी 16 ते 20 चौरस फूट सांगतो. शक्य असेल तिथे समोरच्या भिंतीतही उघडणारं काहीतरी मागतो, वारा निघायला वाट नसेल तर तो आत शिरतच नाही.

पावसाचं मी जरा जास्त सांगणार आहे. बावधनला अकराव्या मजल्यावर मी पश्चिमेला स्लायडिंग बसवल्या होत्या. जुलैमध्ये वाऱ्याबरोबर पाऊस काचेवर आपटला, ट्रॅक (शटर सरकतं ती खालची खोबण) भरला आणि पाणी आत गादीवर उतरलं. त्या घरातल्या काकूंनी रात्रभर टॉवेल पिळले. सकाळी जाऊन पाहिलं तर सिलिकॉन मारताना माझ्याच माणसानं ट्रॅकमधली पाणी निघायची भोकं बुजवली होती, आणि मी तपासलं नव्हतं. तेव्हापासून काम संपलं की मी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओततो आणि ते बाहेर पडताना गिऱ्हाइकाला दाखवतो. तुम्हीही हा हट्ट धरा. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो दगड भिंतीच्या पुढे इंचभर तरी आलेला हवा आणि त्याच्या खालच्या कडेला खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीला चिकटून न वाहता खाली गळतं. फार वरचा मजला आणि पश्चिमेचा वारा असेल तर मी बाहेर उघडणारी बिजागरीची खिडकी सुचवतो. तिचं शटर रबरावर दाबून बसतं. स्लायडिंगला नुसता ब्रश असतो. बंद शटरमध्ये कागद धरून ओढा. सहज निघून आला तर रबर नीट दाबलं जात नाही.

आवाजालाही हेच लागू. सिंहगड रोडला किंवा कर्वे रोडला राहणारे जाड काच मागतात, पण आवाज आधी फटीतून येतो. फट बंद करा, मग लॅमिनेटेड काचेचा, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचांचा, विचार करा.

मालाबद्दल थोडक्यात. लाकूड सुंदरच, पण पावसाळ्यात फुगतं, आणि छज्जा नसेल तर घेऊ नका. यूपीव्हीसी घेताना आत लोखंडी पट्टी आहे का ते विचारा. ॲल्युमिनियममध्ये सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पट्टीची, जाडी कोटेशनवर लिहून घ्या, तसंच काचेची जाडी, रोलर आणि जाळीही. साध्या खिडकीला 5 मिमी काच पुरते. खाली पायाजवळपर्यंत येणारी काच टफन्डच, म्हणजे तापवून कडक केलेली, हवी. ती टफन्ड झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्यायला लावा आणि सर्वांत कमी आलेली धरा.

ग्रिलबद्दल मी हट्टी आहे. गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, लहान मूल डोकं घालतं. आणि घरातल्या किमान एका ग्रिलला उघडणारं दार हवं. त्याची किल्ली तिथेच भिंतीला टांगलेली असावी, कपाटात नको. आग दाराकडून लागली तर तीच वाट उरते. "चोर येईल" म्हणून नकार देणाऱ्यांना मी काम करून देत नाही.

बसवल्यावर दरवर्षी मृग लागण्याआधी जुन्या टूथब्रशनं ट्रॅक घासा आणि सुई घालून भोकं मोकळी करा. रोलर कुरकुरत असतील तर मेण किंवा सिलिकॉन स्प्रे लावा. खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी शटर ढकलताना दोन माणसं लागतात.