स्पेशल बी.एड.ला निघालेल्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलामुलींसाठी

साधं बी.एड. आणि स्पेशल बी.एड. (दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचं बी.एड.) यातला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. पदवीला ५० टक्के, कोर्स दोन वर्षांचा, मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची, आणि प्रवेश घेतानाच एक क्षेत्र निवडायचं: बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता वगैरे. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं.

मान्यतेची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ती अख्ख्या कॉलेजला नसते. एका अभ्यासक्रमाला, त्यातल्या एका क्षेत्राला, ठरावीक जागांना आणि ठरावीक मुदतीला असते. "आमच्याकडे आरसीआय आहे" असं ऑफिसातून सांगितलं की लगेच विचारा: कुठल्या क्षेत्राची, किती जागांची, कुठल्या सत्रापर्यंत? परिषदेच्या वेबसाइटवर राज्यवार यादी असते, तिच्याशी या तिन्ही गोष्टी ताडून बघा. मुदत संपलेली असताना प्रवेश घेतलात तर विद्यापीठाची पदवी हातात पडेल, पण केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागणं मुश्कील. आणि परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार त्या नोंदणीशिवाय स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करता येत नाही. फी भरल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही.

ही नोंदवही साऱ्या देशासाठी एकच आहे, त्यामुळे कोल्हापूरला शिकलात की म्हैसूरला, नोंदणीच्या दृष्टीने फरक पडत नाही. फरक पडतो कागदांनी. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला चालत नाही. महाराष्ट्राच्या बऱ्याच प्रवेशप्रक्रियांत ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी वेगळी तरतूद असते. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि कुठला दाखला लागतो हे अर्ज सुटायच्या आधी बघून ठेवा. शेवटच्या आठवड्यात तालुका कचेरीच्या खेपा घालणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको. श्रवणदोष घ्यायचा असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था, बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था ही नावं डोक्यात असू द्या. तिथे तुमच्यासमोर मुलं भरपूर येतात, आणि या शिक्षणात त्याहून मोठी सोय दुसरी नाही.

क्षेत्र निवडताना "कशाला मागणी जास्त" हा प्रश्न सगळे विचारतात. तालुक्याच्या ठिकाणी नेमणूक झाली की सगळ्याच प्रकारची मुलं समोर येतात, म्हणून त्या प्रश्नावर रात्री जागवू नका. दृष्टिदोष घेणाऱ्याला आपल्या भागात एक फायदा आहे, जो फारसं कुणी सांगत नाही. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत) देवनागरी आणि कन्नड या दोन्हींतल्या त्याच ध्वनीच्या अक्षराला तेच ठिपके असतात. 'क' म्हणजे १ आणि ३ क्रमांकाचे ठिपके, मराठीतही आणि कन्नडमध्येही. कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओसारखे थोडे जादा स्वर शिकलात की एका बोटाने दोन्ही भाषा वाचता येतात.

आता मुख्य मुद्दा. या कोर्समध्ये हुशार विद्यार्थी आपटतात ते थिअरीत नव्हे, पहिल्या केसच्या, म्हणजे अभ्यासासाठी दिलेल्या पहिल्या मुलाच्या, बेसलाइनमध्ये.

बेसलाइन म्हणजे शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी मुलाला आज काय येतं याची नोंद. त्यासाठी एफएसीपी किंवा एमडीपीएससारखी चेकलिस्ट देतात. एमडीपीएसमध्ये कौशल्यांची १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० बाबी, म्हणजे ३६० खुणा. एफएसीपीत नुसतं येतं-येत नाही एवढ्यावर भागत नाही; इशाऱ्याने येतं, तोंडी सांगून येतं की हात धरून येतं, हेही नोंदवायचं असतं. या दोन्ही भरायला सोप्या आहेत, आणि गोची नेमकी तिथेच होते. आपल्याकडचं मूल घरी एक भाषा बोलतं, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. तुम्ही चेकलिस्ट इंग्रजीतून वाचता, मनात मराठी करता, विचारता आणि 'येत नाही' लिहून मोकळे होता. पाण्याचं चित्र दाखवल्यावर पोरगं कन्नडमध्ये "नीर" म्हणालं तर त्याला वस्तू ओळखता आली आहे. तिथे 'नाही' लिहिलंत की पुढचं अख्खं वर्ष त्याला येत असलेलीच गोष्ट शिकवत बसाल. शेवटी प्रगती ८० टक्के दिसेल, फाइल छान होईल, आणि पोरगं होतं तिथेच.

हा घोळ नवा नाही. बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बांधली ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या अशा दोन्ही मुलांसाठी, कारण धारवाड-बेळगावच्या पट्ट्यात एका भाषेची चाचणी पुरत नाही हे तेव्हाही दिसत होतं. (बुद्ध्यंक काढणं हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम आहे. तुम्ही त्यात हात घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.)

म्हणून चेकलिस्ट उघडण्याआधी भाषेची नोंद करा. "घरी कुठली भाषा बोलता?" असं विचारू नका. आईवडील शाळेची किंवा मानाची भाषा सांगतात. विचारायचं ते असं: आजी रागावते कुठल्या भाषेत? शेजारच्या पोरांशी भांडताना हा काय बोलतो? दुकानात जिन्नस मागतो तो कसा? तीन उत्तरांत चित्र स्पष्ट होतं. मग प्रत्येक बाब आधी त्या भाषेत विचारा, नंतर शाळेच्या भाषेत, आणि दोन रकाने ठेवा. तुम्हाला कन्नड येत नसेल तर कामचलाऊ शिका. पुस्तकी नको, "इदु येनु" (हे काय), "तोरसु" (दाखव), "कोडु" (दे), "येष्टु" (किती) एवढ्यावर पहिली बेसलाइन निघते. आणि येत नसताना येतंय असं भासवून रकाना भरण्यापेक्षा, शाळेतल्या आयाला शेजारी बसवून घ्या. विशेष शाळेतल्या आयाला मुलाबद्दल जेवढं ठाऊक असतं तेवढं पुष्कळदा तुमची केस तपासणाऱ्या गाइडलाही नसतं.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत हाच सापळा जास्त खोल आहे. चौथीतला मुलगा 'पंचवीस' ऐकून ५२ लिहितो. लगेच डिस्कॅल्क्युलिया (गणिताची अध्ययन अक्षमता)? थांबा. मराठीत आधी पाच येतो मग वीस. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', आधी वीस मग पाच. दोन्ही कानावर पडणाऱ्या मुलाची ही गल्लत होणारच. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारेही भेटतील. त्याला "वीस आणि नऊ" असं सांगून बघा. बरोबर लिहिलं तर स्थानिक किंमत त्याला कळते, अडकलंय ते मराठी संख्यानाम. कन्नड घरातलं पोर मराठी शाळेत 'घर'चं 'गर' आणि 'भात'चं 'बात' लिहितं, कारण बोली कन्नडमध्ये महाप्राण (घ, भ यांसारखे ध्वनी) जवळपास ऐकूच येत नाहीत. उलट मराठी घरातलं पोर कन्नडच्या तासाला ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' यांत गोंधळतं. मराठीत तो भेदच नाही. आणि रफार बघा. 'कर्नाटक' लिहिताना देवनागरीत रफार 'ना'च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये त्याची खूण 'ना'च्या उजवीकडे, नंतर. दोन लिप्या एकदम शिकणारा मुलगा 'कनार्टक' लिहितो तेव्हा मेंदूत बिघाड शोधायची गरज नाही.

मग खरी अडचण ओळखायची कशी? चूक एकाच लिपीत होत असेल तर बहुतेक ते शिकण्याचं अंतर असतं. तीच चूक दोन्ही लिप्यांत दिसत असेल, आणि तोंडी ध्वनीचा खेळही जमत नसेल ('कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं, हे त्याच्या घरच्या भाषेतल्या शब्दानेही विचारा), तर पुढे जा. मधे दोन-तीन आठवडे नेमकं तेच शिकवून पुन्हा तपासा. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं, तुम्ही फक्त नोंदी देता. पण नोंदी चुकल्या तर मंडळही चुकतं.

हे वाचून घाबरायला होईल. घाबरू नका. दोन भाषांत वाढलेल्या तुमच्यासारख्याला हे ऐकू येतं. बाहेरून आलेल्याला शिकवूनही येत नाही.

आता वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी. बहुतेक फाइलींत लिहिलेलं असतं: "मुलाला पैशांची ओळख होईल." हे उद्दिष्ट झालं नाही. असं लिहा: १०, २० आणि ५० ची नोट समोर ठेवून "वीसची दे" असं सांगितल्यावर, बोट न दाखवता, पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस बरोबर नोट उचलेल. अट, कृती, निकष, तिन्ही आले. आता सराव. स्टेशनरीच्या दुकानातल्या खेळातल्या नोटा आणू नका, त्यांचे रंग खोटे असतात आणि मुलं आधी रंगानेच ओळखतात. खऱ्या नोटा घ्या, त्यात जुन्याही घ्या: नवी दहाची चॉकलेटी, नवी वीसची हिरवट पिवळी, पण जुनी दहाची आणि जुनी वीसची दोन्ही केशरी-तांबूस छटेकडे जातात आणि बाजारात त्याच त्याच्या हातात येणार आहेत. सुरुवात दोनच नोटांनी. दर वेळी जागा बदला, नाहीतर मूल 'उजवीकडची' उचलायला शिकतं. आणि नोटेकडे बघू नका. शिकाऊ शिक्षकाची नजर बरोबर नोटेवर जाते आणि मूल तुमचे डोळे वाचून उत्तर देतं. फाइलीत शंभर टक्के, दुकानात शून्य. नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायची, हात मांडीवर.

तयार फाइलींविषयी. झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचच्या केस मिळतात, नाव बदलून चालतात, सह्याही होतात. असं करणाऱ्याला इंटरव्ह्यूत एक प्रश्न पुरतो: "हे उद्दिष्ट जमलं नाही तेव्हा काय बदललंत?" फाइल न उघडता सही ठोकणारा गाइड प्रेमळ वाटतो. मला तो सगळ्यात महागात पडणारा माणूस वाटतो. वर्गात मागे बसून मुलाकडे बघणारा, कागद खोडून परत करणारा गाइड मिळाला तर त्याच्या मागे लागा, चहा पाजा, काहीही करा.

शाळा-संलग्नता तीन प्रकारची असते: आपल्या क्षेत्राची विशेष शाळा, दुसऱ्या क्षेत्राची विशेष शाळा, आणि समावेशक म्हणजे साधी शाळा. तिसरी सगळ्यांना सोपी वाटते आणि तिथेच सगळ्यांची फजिती होते. कर्नाटकातल्या मराठी शाळेत पुस्तकं मराठी असली तरी कर्नाटक सरकारची असतात. बालभारतीवरून पाठ तयार करून गेलात तर पहिल्याच दिवशी पानं जुळणार नाहीत. मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाचं पुस्तक घ्या, मगच पाठ लिहा. पहिली ते तिसरीला नली-कलीची पद्धत असेल तर मुलं आपापल्या पायरीवर गटाने बसतात. फळ्यासमोर उभं राहून एक पाठ घेण्याची सवय तिथे कामाची नाही, पण आपल्या मुलांना ही बसण्याची रीत उलट सोयीची पडते. तालुक्याच्या बीआरसीत (गट साधन केंद्रात) बीआयईआरटी, म्हणजे समावेशक शिक्षणाचे साधन शिक्षक असतात, त्यांना आधी भेटा. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन शिकवणं त्यांच्याकडे असतं. ग्रामपंचायतीचा व्हीआरडब्ल्यू (ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता) भेटला तर आणखी बरं. कुठल्या घरात मूल आहे, कुणाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) अडकलंय, हे त्याला तोंडपाठ असतं. आपला जिल्हा शिक्षण खात्याच्या हिशेबात बेळगाव आणि चिकोडी असा दोन भागांत आहे, त्यामुळे निपाणी-अथणीकडच्या शाळेत काम करायचं तर परवानगीचं पत्र चिकोडीच्या डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) ऑफिसचं लागतं. उगाच बेळगावला फेरी पडते.

नोकरीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिकला १० विशेष मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. कागदावर जागा खूप आहेत, प्रत्यक्षात बऱ्याच कंत्राटी, आणि पगार ऐकून घरचे गप्प होतात. हे आधीच सांगून ठेवा घरी. पण कोर्स पूर्ण केलेला, मूल्यमापन येणारा माणूस रिकामा बसलेला सहसा दिसत नाही. खाजगी शाळांनाही आता अशी माणसं हवी असतात. सरकारी भरतीत कन्नडची अट कधी अर्हतेत असते, कधी परीक्षेत, जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

निकाल लागला की नोंदणीचा अर्ज लगेच करा. गुणपत्रिका आणि दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर तो अडकतो, म्हणून ते पहिल्या सत्रातच दुरुस्त करून घ्या. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला १०० सीआरई (निरंतर पुनर्वास शिक्षण) गुण लागतात. ते मान्यताप्राप्त कार्यशाळांतून थोडे थोडे जमवत राहा, प्रमाणपत्रांची एक वेगळी फाइल पहिल्याच वर्षी करा. शेवटच्या वर्षी सगळे धावतात तेव्हा हुबळी-बेळगावच्या कार्यशाळांत जागा मिळत नाही.