फ्लूच्या हंगामात वराहपालकांसाठी सल्ला: आधी माणसांचा ताप बघा

थंड प्रदेशात हिवाळा आणि उष्ण प्रदेशात बहुतेक ठिकाणी पावसाळा हा फ्लूचा हंगाम. याच दिवसांत शेडचे पडदे खाली सोडलेले असतात, आत हवा कोंदते, आणि कामाला आलेली माणसे एकाच खोलीत झोपतात, एकाच गाडीतून ये-जा करतात. फ्लूच्या विषाणूला हेच हवे असते.

ज्याला आपण सरसकट ‘स्वाइन फ्लू’ म्हणतो, तो एच१एन१ आज माणसाकडून माणसाला होतो. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो सापडला, तेव्हा त्याची जनुके डुकरांमधल्या फ्लूच्या विषाणूंशी जुळली आणि नाव चिकटले. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली, तोवर तो खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसांमधून जगभर पोहोचला होता. पहिल्या वर्षात दीड ते पावणेसहा लाख माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. त्यातली सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालची होती, म्हणजे कामाला हाताशी असणारी माणसेही त्यात आली. साथ ऑगस्ट २०१० मध्ये संपल्याचे जाहीर झाले, पण विषाणू गेला नाही. हंगामी फ्लूमध्ये तो आजही फिरतो.

त्या साथीत इजिप्तने सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश काढला होता. साथ त्याने थांबली नाही, पाळणाऱ्यांचे उत्पन्न मात्र बुडाले. नीट शिजवलेले मांस खाल्ल्याने हा आजार होत नाही, हे ग्राहकाला ठामपणे सांगा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा तर वेगळाच रोग आहे. तो डुकरांचा कळप संपवतो, पण माणसाला होत नाही.

आता वराहपालकांच्या कामाची गोष्ट. फ्लू माणसाकडून डुकरालाही होतो. मे २००९ मध्येच कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका कळपात हा नवा विषाणू आढळला. त्यानंतर अनेक देशांतल्या डुकरांमध्ये तो माणसांमार्फत शिरला. म्हणून पहिला नियम हाच: ताप, खोकला, घसादुखी असलेल्याने शेडमध्ये पाऊल टाकू नये, मग तो मालक का असेना. लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवस होऊ द्या, आणि तापाची गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल याचीही खात्री करा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच कामावर या. रोज बुडेल या भीतीने मजूर ताप लपवतो, हे आपल्याला ठाऊक असते. आजारपणाच्या दिवसांची मजुरी द्या. अख्खे शेड खोकायला लागण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

उलट दिशेने, म्हणजे डुकराकडून माणसाला, लागण क्वचित होते, पण होते. २०१२ मध्ये अमेरिकेत डुकरांमधल्या एच३एन२ विषाणूच्या एका प्रकाराने ३०९ जण आजारी पडले. त्यात बहुतांश कृषी-प्रदर्शनांत डुकरांजवळ वावरलेली मुले होती. डुकराला माणसांचा आणि पक्ष्यांचा, दोन्हींचा फ्लू होऊ शकतो. एकाच जनावरात दोन विषाणू एकत्र आले की त्यांच्यात जनुकांची अदलाबदल होऊन नवा विषाणू तयार होऊ शकतो. कोंबड्या-बदके आणि डुकरे एकाच आवारात मोकळी सोडू नका. ज्या तळ्यात रानपक्षी उतरतात, त्याचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय डुकरांना पाजू नका.

एकाएकी अनेक डुकरे सुस्तावली, खाद्य सोडले, अंग तापले, भुंकल्यासारखा कोरडा खोकला सुरू झाला, नाक वाहू लागले, तर फ्लूची शंका घ्या. मर सहसा कमी असते आणि आठवडा-दहा दिवसांत कळप सावरतो. म्हणूनच पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. तसे करू नका. पशुवैद्यकाला बोलवा, नमुने तपासून घ्या, आणि तोवर विक्री, हलवाहलव, पाहुण्यांची ये-जा बंद ठेवा. नवी डुकरे आणाल तेव्हा ती महिनाभर वेगळी ठेवा. त्यांची कामे दिवसाच्या शेवटी करा.

शेडमध्ये कामाचे कपडे आणि बूट वेगळे असावेत. आजारी जनावरांजवळ एन-९५ मास्क घाला. तोंडाला बांधलेले फडके पुरत नाही. कोरडी झाडलोट टाळा. जोराच्या फवाऱ्याने धुताना उडणारे तुषार श्वासात जातात, तेव्हा मास्क हवाच. आत खाणे, तंबाखू, विडी नको. साबणाने हा विषाणू मरतो, त्यामुळे बाहेर पडताच हात धुवा. पडदे पूर्ण बंद न करता वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा. गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, ६५ च्या पुढचे माणूस, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेली व्यक्ती यांना खोकणाऱ्या डुकरांपासून लांबच ठेवा.

हंगामी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा ती हंगामाआधीच घ्या. डुकरांमधल्या विषाणूंवर तिचा भरवसा नाही, पण माणसांचा फ्लू शेडमध्ये नेण्याची शक्यता ती कमी करते.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. आणि आपल्याकडे डुकरे आहेत, ती आजारी होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नेहमीच्या चाचणीत फ्लू कळतो, पण तो डुकरांकडचा आहे का हे सहसा कळत नाही. त्यासाठी नमुना वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.