जुन्या संग्रहाचं डिजिटायझेशन : या चुका टाळा

ग्रंथालयांच्या, इतिहास मंडळांच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो : स्कॅनर कोणता घ्यायचा? हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी आपल्याकडे काय आहे, कशाला कसर लागली आहे आणि कशाची दुसरी प्रत कुठेच नाही, ते बघा. गाजलेल्या कादंबरीच्या प्रती दहा ठिकाणी सापडतील. गावातल्या वाड्यातून आलेला मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, फक्त तुमच्याकडे आहे. त्याचा नंबर पहिला.

दुसरी चूक मार्चएंडची. एका तालुक्याच्या ग्रंथालयाला फेब्रुवारीत अनुदान मिळालं. महिन्याभरात खर्च दाखवायचा म्हणून सगळ्यात स्वस्त कोटेशन मंजूर झालं. ठेकेदाराच्या माणसांनी पोथ्या सोडल्या, भराभर स्कॅन केल्या, डीव्हीडींचा गठ्ठा दिला आणि गेली. काही वर्षांनी एका अभ्यासकाला त्यातली पोथी हवी होती, तेव्हा मला बोलावणं आलं. निम्म्या डीव्हीडी उघडेनात. उघडल्या त्यांत फायलींची नावं ००१, ००२ अशी. कोणती पोथी कुठे संपते याचा पत्ता नाही. यादी होती, पण युनिकोडआधीच्या (म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसावीत अशी पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये. नव्या कम्प्युटरवर तो फाँट नाही, म्हणून पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं. शिवाय पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळलेली. ती लावण्यात ग्रंथपालबाईंचा अख्खा पावसाळा गेला.

तेव्हापासून मी फाइलचं नाव दाखल क्रमांकानेच सुरू करते. यादी युनिकोडमध्ये, साध्या तक्त्यात, आणि छापून दाखलनोंद वहीशेजारी. मूळ स्कॅन टिफ या चित्रफाइलच्या प्रकारात, वाचकांसाठी पीडीएफ वेगळी. तीन प्रती, त्यातली एक परगावी. दरवर्षी हिशेबतपासणीच्या सुमारास मनाला येतील त्या चार फायली दुसऱ्याच कम्प्युटरवर उघडून बघते.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. बीबीसीने १९८६ मध्ये डोम्सडे प्रकल्प, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या माहितीचा संग्रह, लेझर डिस्कवर काढला. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. इंग्लंडमधल्या जमिनींच्या ज्या १०८६ च्या ‘डोम्सडे’ नोंदवहीच्या नऊशेव्या वर्षानिमित्त तो केला, ती मात्र आजही वाचता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला, तेव्हा मुख्य कॅटलॉग पुन्हा ऑनलाइन दिसायला जानेवारी उजाडला.

स्वतंत्र मोबाइल ॲप काढू नका. ते पुढे सांभाळायला पैसे कोणी देत नाही.

लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं झालीत का, म्हणजे कॉपीराइट संपला आहे का, ते न बघता पुस्तक ऑनलाइन टाकू नका.

सध्याची सगळ्यात घातक घाई वेगळीच आहे. ‘एआय मोडी वाचेलच, मग मोडी जाणकार कशाला?’ असं नवे विश्वस्त खुशाल म्हणतात. मोडी युनिकोडमध्येच आली २०१४ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. यंत्राला शिकवायला माणसांनी अचूक वाचलेले कागद हजारोंनी लागतात, आणि यंत्राने ‘वाचलेली’ सनद बरोबर आहे का, हे सांगायलाही जाणकारच लागतो. मोडीच्या वर्गांना मुलं येतात, परीक्षा देतात आणि पुढे काम नाही म्हणून विसरतात. त्यांना कामाला लावा. पाच वर्षांच्या आराखड्यात सॉफ्टवेअरच्या रकमेखाली मोडी वाचकांच्या मानधनाची ओळ नसेल, तर मी तो परत पाठवते.