पदवीत अप्रेंटिसशिप बसवायची कशी?

कंपनीशी सामंजस्य करार करण्याआधी विभाग, जागा आणि मार्गदर्शक लेखी ठरवून घ्या. 'परस्पर सहकार्य करू' एवढ्यावर सह्या झालेले करार फायलीतच राहतात. 'जुलैपासून दर्जा तपासणी विभागात बारा विद्यार्थी, सहा महिने' असा मजकूर हवा. मागताना संकोच करू नका. ३० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१९ च्या नियमांनुसार २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात.

मग अभ्यास मंडळाचं काम. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट (अभ्यासाचं श्रेयांक एकक), म्हणजे वर्षाच्या १,२०० तासांना ४०. पण नुसते तास मोजून भागत नाही. कारखान्यातलं नेमकं काम कोणत्या विषयात बसतं ते आधी लिहून काढा. समजा, विद्यार्थी दर तासाला पाच नग उचलून बोअर गेजने (छिद्राचा आतला व्यास मोजायचं साधन) व्यास मोजतो. त्या पाचांची सरासरी आणि पल्ला (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक) नोंदवायचा. पंचवीसेक तासांच्या नोंदी जमल्या की सरासरीच्या नियंत्रण मर्यादा, म्हणजे काम सुरळीत असताना सरासरी ज्या दोन सीमांच्या आत राहते त्या, काढता येतात: एकूण सरासरी, अधिक-उणे ०.५७७ (पाच नगांच्या गटासाठीचा ठरलेला गुणक) गुणिले सरासरी पल्ला. सरासरी एकाच दिशेने सरकत असेल तर टूल झिजलं असण्याची शक्यता. पल्ला वाढला तर यंत्रावर जॉबची (घडवल्या जाणाऱ्या नगाची) पकड ढिली आहे का ते पाहा. संख्याशास्त्राचा हा भाग वर्गात वेगळा घ्यायची गरज नाही. तोंडी परीक्षेत या नोंदींवरून विद्यार्थ्याने काढलेला आलेखच त्याच्यापुढे ठेवा.

नोंदणी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर होते. २०१९ च्या नियमांत पदवी अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होतं, त्यातला निम्मा वाटा केंद्राचा. चालू दर पोर्टलवर पाहूनच करारात आकडा घाला. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की सरकारी हिस्सा अडकतो, तेव्हा हे रुजू होण्याआधीच तपासा.

सुपरवायझरकडून पन्नासपैकी गुण मागू नका. सगळ्यांना पंचेचाळीस मिळतात. 'ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचून नग पास-नापास ठरवतो का?' अशा दहा-बारा प्रश्नांना हो-नाही उत्तरं घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दुसऱ्या महिन्यात. ऑर्डरचा ताण आला की मुलांना पॅकिंगला लावलं जातं. म्हणून दर महिन्याला शिक्षकाने प्रत्यक्ष जाऊन नोंदवही पाहावी. या फेरीचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरा, नाहीतर कुणी जात नाही.