ऑनलाइन ओळख लिहिताय? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडे गल्लीत कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. 'कुणाचा गा तू?' असं एकदा विचारलं की वडिलांचं नाव, गल्ली आणि गाव यांवरून समोरच्याला बाकीचं सगळं समजतं. ऑनलाइन ही सोय नाही. पुण्यातला मॅनेजर, बेंगळुरूची कंपनी किंवा कोल्हापूरचं गिऱ्हाईक तुमच्या वडिलांना ओळखत नाही. त्यांच्यासमोर असतात ते तुम्ही लिहिलेले चार शब्द. तरीही आपली बरीचशी प्रोफाइल्स 'साधा माणूस', 'स्वप्नं मोठी', 'गर्व आहे' अशा शब्दांवरच संपतात. वाचणारा वाचतो आणि पुढे जातो.

ओळख नीट जमली आहे की नाही हे पाहायची एक कसोटी मला फार उपयोगाची वाटते. ती वाचून अनोळखी माणसाला तुम्हाला विचारावा असा एखादा नेमका प्रश्न सुचतो का? सुचत असेल तर तिचं काम झालं. पुढच्या सगळ्या चुकांमध्ये नेमकी हीच गोष्ट हरवते.

हुद्दा लिहिता, काम लिहीत नाही

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या कारखान्यात आठ-दहा वर्षं घालवलेला मुलगा 'मशीन ऑपरेटर' एवढंच लिहितो. त्यावरून कुणाला काय विचारता येईल? त्यानं खरं लिहायला हवं ते असं: 'व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर. फॅनुक कंट्रोलवर स्वतः सेटिंग करतो. ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटर आणि बोअर गेजनं तपासणी करतो. हायड्रॉलिकचे पार्ट्स, कास्टिंगचं मशीनिंग.' (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, फॅनुक हा त्याचा कंट्रोल.) आता वाचणारा विचारेल, 'किती टॉलरन्सपर्यंत, म्हणजे मापात किती फरक चालेल इथपर्यंत, काम केलंय?' बोलणं इथून सुरू होतं. फाउंड्रीत असाल तर मोल्डिंग (साचे), मेल्टिंग (धातू वितळवणं) की फेटलिंग (ओतलेला भाग साफ करणं) ते सांगा, कारण 'फाउंड्रीत आहे' या दोन शब्दांत तिन्ही वेगवेगळी माणसं लपतात.

बायकांच्या बाबतीत ही चूक जास्त खोल जाते. 'गृहिणी' असं लिहून गप्प बसणाऱ्या किती जणी शहापूर-वडगावात घरबसल्या शिलाई करतात, शिकवण्या घेतात, बचत गटाचे हिशोब ठेवतात! घर सांभाळणं हे काम आहेच, आणि ते लिहायला संकोच करायचं कारण नाही. पण हातात दुसरं काम असेल तर तेही दिसू द्या. उदाहरणार्थ: 'शहापूर, बेळगाव. ब्लाउज, फॉल-पिको, जुन्या इरकल साडीचे ड्रेस. माप घरी येऊन घेते. मराठी, कन्नड.' हे इन्स्टाग्रामच्या दीडशे अक्षरांत आरामात बसतं आणि गिऱ्हाइकाला हवं ते सगळं यात आहे.

शेतकऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. 'प्रगतशील शेतकरी' यापेक्षा 'रताळी आणि भात, खानापूर तालुका, काढणीच्या हंगामात थेट विक्री' हे कितीतरी जास्त बोलतं. किती एकर आहे ते लिहायची गरज नाही. माल कधी तयार असतो ते मात्र नक्की लिहा.

काही जण याच्या उलट करतात. संचालक, संस्थापक, समाजसेवक, मार्गदर्शक, अध्यक्ष अशी पदं एकामागून एक येतात. मंडळाचं खजिनदारपद असेल तर जरूर लिहा, पण 'गणेशोत्सव मंडळाचा वर्गणी-खर्चाचा हिशोब ठेवतो' असं लिहिलंत तर त्यातलं कौशल्य दिसतं. नुसतं 'खजिनदार' म्हटल्यानं ते दिसत नाही.

गाव लिहिता, पण शोधणाऱ्याला सापडत नाही

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. बेंगळुरूची कंपनी त्याच नावानं शोधते, तर पुण्या-मुंबईतली माणसं अजूनही बेळगाव टाइप करतात. ठिकाणाच्या चौकटीत साइट जे नाव देते ते घ्या आणि दुसरं नाव परिचयाच्या मजकुरात कुठेतरी येऊ द्या. मनात कुठलं नाव धरायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण शोधात दोन्ही नावांनी सापडणं ही पोटापाण्याची बाब आहे.

दुसरा घोळ सारख्या नावांचा. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, ठाणे जिल्ह्यात शहापूर आहे आणि वडगाव तर पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत जागोजागी आहे. म्हणून गावापुढे जिल्हा लिहाच. कारवार, बिदर, भालकीकडच्या मराठी माणसांनी तर राज्यही लिहावं.

शिक्षणाचंही असंच आहे. आपल्याकडे सगळे एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसी म्हणतात, पण महाराष्ट्रातल्या अनेकांना पीयूसी म्हणजे काय ते समजत नाही. 'पीयूसी, म्हणजे बारावी (विज्ञान), कर्नाटक बोर्ड' असं एकदाच लिहिलं की शंका मिटते. पदवी लिहितानाही प्रमाणपत्र हातात घ्या. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झालं. त्याआधी बेळगावच्या कॉलेजातून बी.ए., बी.कॉम. झालेल्यांचं प्रमाणपत्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं असतं. आठवणीतून भलतंच विद्यापीठ लिहिलं तर कागदपत्रं तपासताना उगाच अडकायला होतं. नावाच्या स्पेलिंगचंही तेच. मार्क्स कार्डवर जे आहे तेच प्रोफाइलवर ठेवा. मराठी माध्यमात शिकला असाल तर तसं लिहायला अजिबात लाजू नका.

भाषांच्या रकान्यात स्वतःलाच कमी करता

सीमाभागातल्या माणसाकडे जे आहे ते पुण्यातल्या माणसाकडे सहसा नसतं: सकाळी घरात मराठी, दुपारी बँकेत कन्नड, संध्याकाळी बाजारात हिंदी किंवा कोकणी. पण दुसऱ्याच्या बायोडेटावरून नक्कल केल्यामुळे रकान्यात येतं, 'मराठी, हिंदी, इंग्रजी'. कन्नड राहून जाते, किंवा मुद्दाम वगळली जाते. हॉस्पिटल, विमा, वितरण, बँकेचं वसुलीचं काम, मोबाइलची दुकानं, अशा अनेक ठिकाणी गिऱ्हाइकाशी दोन्ही भाषांत बोलणारा माणूस हवा असतो आणि तोच शोधला जातो. कन्नड येते म्हणून तुमच्या मराठीपणात तसूभरही उणं येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

पण येते त्यापेक्षा जास्त सांगू नका. भाषा 'येते' यात बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशा तीन गोष्टी असतात. आपल्यातल्या कितीतरी जणांना कन्नड अस्खलित बोलता येते, पण अर्ज लिहायचा म्हटला की अडतात. म्हणून असं लिहा: 'मराठी: बोलणं, वाचणं, लिहिणं. कन्नड: बोलणं चांगलं, वाचायला शिकतोय. इंग्रजी: ईमेल लिहितो, बोलताना थोडा वेळ लागतो.' अशा प्रामाणिक तपशिलामुळे मुलाखतीत फजिती होत नाही, शिवाय बाकीच्या मजकुरावरही वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

परिचय कुठल्या भाषेत लिहायचा, हेही अनेक जण विचारतात. ज्याच्याकडून उत्तर हवं आहे त्याच्या भाषेत. नोकरीच्या साइटवर इंग्रजी ठेवा. गावातल्या गिऱ्हाइकांसाठी मराठी आणि जमल्यास एक ओळ कन्नड. मित्रमंडळींसाठी आपली बेळगावी मराठी बिनधास्त वापरा. तिथं 'काय करूलालास?' हे प्रमाण मराठीपेक्षा जवळचं वाटतं.

छंद म्हणून 'वाचन, संगीत, प्रवास'

या तीन शब्दांवरून कुणालाच काही विचारता येत नाही. 'रविवारी सायकलनं राजहंसगडावर जातो', 'भजनी मंडळात पखवाज वाजवतो', 'तालमीत लहान मुलांना डाव शिकवतो', 'हिवाळ्यात कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना जाते' असं लिहा. एकच छंद पुरे, पण तो खरोखर करत असलेला हवा. दहा वर्षांपूर्वी सोडलेली बासरी आज लिहू नका.

श्रद्धा आणि मतं: एक तर घोषणा, नाहीतर मौन

इथं जरा थांबून बोलायला हवं. आपल्या भागात भाषा हा नुसता रकाना नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी भाग कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला, तेव्हापासून सीमाप्रश्न घराघरात आहे, आणि महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे आजही लोक डोळे लावून आहेत. आजोबा-वडिलांनी ज्यासाठी सोसलं ते प्रोफाइलवर लिहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ते लपवा, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मत घोषणेच्या रूपात लिहिलं की वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते: तुम्ही कुणाच्या बाजूचे आणि कुणाच्या विरुद्ध. तेच कृतीच्या रूपात लिहिलं तर माणूस दिसतो. 'गावची मराठी शाळा टिकावी म्हणून रविवारी पाचवीच्या मुलांना गणित शिकवतो' या वाक्यात निष्ठा घोषणेपेक्षा जास्त आहे. कन्नड शेजाऱ्यालाही ती कळेल आणि तिचा आदरही वाटेल. 'वारकरी आहे, आषाढीला पायी जातो' यातून श्रद्धा जितकी दिसते तितकी देवादिकांच्या पाच नावांतून दिसत नाही.

दुसऱ्या भाषकांना हिणवणारी ओळ प्रोफाइलवर कधीच ठेवू नका. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास वातावरण तापतं, तेव्हा रागात लिहिलेली ओळ पुढे वर्षभर तशीच राहते आणि नोकरी देणारा तीच आधी वाचतो. शिवाय भाषा, धर्म, जन्मस्थान यांवरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. एका ओळीसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणारी पोरं बघवत नाहीत.

ध्येय नेमकं नसतं, किंवा भलत्या ठिकाणी असतं

'आई-वडिलांचं नाव मोठं करायचंय' ही भावना खरी आहे, पण त्यावर कुणाला मदत करता येत नाही. 'यंदा सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकून डिझाइनकडे वळायचंय, सरावासाठी ड्रॉइंग्ज हवी आहेत' असं लिहिलंत तर कुणीतरी ड्रॉइंग्ज पाठवू शकतं. केपीएससी, एमपीएससी (कर्नाटक आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोग) किंवा बँकेच्या परीक्षांची तयारी चालू असेल तर ते अभ्यासगटातल्या परिचयात लिहा, तिथं नोट्स आणि सोबत मिळते. खासगी नोकरीसाठीच्या प्रोफाइलवर तेच ठेवलं तर हा मुलगा सहा महिन्यांत सोडून जाईल असा अर्थ निघतो.

लिहिलं बरोबर, पण दिसतंय भलतंच

डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर पेस्ट केला आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, ही तक्रार नेहमीची. तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. कन्नड मजकुराचं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये तेच होतं. दुकानदाराला युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइलवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) रूपांतर करून द्यायला सांगा, किंवा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर स्वतःच टाइप करा. टाइप करताना 'दुसर्या', 'सार्या' असं होत असेल तर र ऐवजी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन पुढे हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य द्या, 'दुसऱ्या' नीट उमटेल.

मजकूर मध्येच तुटत असेल तर मर्यादा तपासा. इन्स्टाग्रामच्या बायोला १५० अक्षरं, एक्सला (पूर्वीचं ट्विटर) १६०, लिंक्डइनच्या हेडलाइनला (नावाखालची ओळ) २२०, तर तिथल्या सविस्तर परिचयाला २,६००. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'शिक्षिका' वाचायला तीन अक्षरं, मोजणीत आठ. म्हणून काम आणि गाव सुरुवातीलाच लिहा, विशेषणं शेवटी. लिंक्डइनवर यादीत हेडलाइनचा सुरुवातीचाच भाग दिसतो आणि सविस्तर परिचयाच्याही पहिल्या काही ओळीच दिसतात.

वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहायची हौस सोडा. ती अक्षरं मुळात गणिती चिन्हं असतात. त्यामुळे शोधात नाव हमखास सापडेलच असं नाही, आणि दृष्टिहीन वाचकांच्या मोबाइलला ते नीट वाचता येत नाही.

फोन येतात, पण नको त्यांचे

कर्जवाले, साखळी-विक्रीवाले आणि 'घरबसल्या कमवा'वालेच फोन करत असतील तर बहुतेक वेळा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो आहे. व्यवसायासाठी वेगळा नंबर ठेवा, नसेल तर मेसेजची सोय पुरे. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळेचं नाव परिचयात नको. आपल्याकडे घरोघरी कुणीतरी लष्करात असतं. त्यांचं युनिट, नेमणुकीचं ठिकाण आणि रजेच्या तारखा तुमच्या प्रोफाइलवरही येऊ देऊ नका. अभिमान 'जवानाची बहीण' या दोन शब्दांत पुरेसा व्यक्त होतो.

नोकरी देतो म्हणून कुणी आधी 'रजिस्ट्रेशन'चे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागितले, तर ती नोकरी नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सगळं लिहून झालं की खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या मोबाइलवर स्वतःचं नाव शोधा. अनोळखी माणसाला नेमकं काय दिसतं ते तिथं कळेल. जुनं, विसरलेलं दुसरं खातं वर येत असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर लोक त्या खात्यावर मेसेज पाठवत राहतात. मग ज्याला तुमचं काम माहीत नाही अशा एखाद्याला परिचय वाचायला द्या आणि 'तुला मला काय विचारावंसं वाटतं?' असं विचारा. तो 'काही नाही' म्हणाला तर कामाबद्दलची ओळ पुन्हा लिहा. बाकीच्या ओळी तशाच राहू द्या.